गप्प राहणाऱ्याची बाजू

नुपूरच्या हिशेबात हा निबंध सगळ्या बाजूंनी फायद्याचा होता. जुन्या ग्रंथांच्या सेमिनारमध्ये 'ए' मिळाला, की पुढच्या सत्रातला लेखनाचा सक्तीचा वर्ग माफ. शिवाय आईचं 'सारखी फोनवर असतेस, अभ्यास कधी करतेस' हेही बंद. बदल्यात द्यायचं काय, तर शनिवारची एक दुपार.

कारण निबंध तिने लिहिलाच नव्हता. आखातातल्या अल खोरच्या घरी टीव्हीखालच्या कपाटात मराठी मंडळाच्या जुन्या स्मरणिका होत्या. एकीत मंडळातल्याच रत्नप्रभाकाकूंचा लेख होता. न्यायसभेत तोंडातून अक्षर न काढणारा माणूस दोषी का ठरू नये, असा. अजरा मॅडमनी वर्गात जुन्या खटल्यांतली भाषणं वाचून घेतली होती आणि विषय दिला होता: कुणालाही न पटणारी बाजू पटवून द्या. नुपूरने लेख इंग्रजीत आणला. नक्कल सापडली तर वर्ष वाया जाणार होतं. पण नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी स्मरणिका कुठून ठाऊक?

गुरुवारी तिने निबंध अपलोड केला आणि दहा मिनिटांत आईचा फोन.

"अगं, पुढच्या शुक्रवारी रत्नप्रभाकाकूंचा निरोप समारंभ आहे ना, तुझं नाव दिलंय मी. दोन शब्द बोल. त्यांचा तो गाजलेला लेख मंडळ परत छापतंय. तुमच्या पिढीला काय वाटतं ते सांग."

तुमच्या पिढीने फोन ठेवला आणि सॅक उचलली.

घरची बस सोडून तिने मेट्रोची ग्रीन लाइन पकडली, थेट अल मन्सूरा, काकूंचं घर. काकू कायमच्या नाशिकला निघाल्या होत्या. हॉलभर खोके.

"काकू, आय डिड समथिंग बॅड," नुपूर दारातच म्हणाली आणि रडत, अर्ध्या इंग्रजीत, सगळं सांगून मोकळी झाली.

खोक्यावर चिकटपट्टी ओढणारा काकूंचा हात थांबला.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"नो वन."

"अलकाला? तुझ्या आईला?"

"नाही."

"मग सांगूही नकोस. माझा लेख, मी दिला तुला. खलास!"

"पण मॅडमना सांगते ना. तुमचं नाव घालते."

"माझं नाव कशाला घालतेस, बाई? वीस वर्षांपूर्वीचं ते." काकूंनी चिवड्याची वाटी तिच्या हातात कोंबली. "खा आधी. आणि ती स्मरणिका मला आणून दे. माझी प्रत सापडत नाहीये."

इतकं मोठं मन नुपूरने आजवर पाहिलं नव्हतं. त्यामुळे चोरी आणखीच टोचायला लागली. दोन दिवसांत आईने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

रविवारी वर्गाआधी ती स्मरणिका घेऊन अजरा मॅडमच्या केबिनमध्ये उभी राहिली. मॅडम मूळच्या हैदराबादच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अजून एकही निबंध उघडलेला नाही, म्हणून वाचलीस. आठवड्यात स्वतःचा लिहून दे. आणि ज्या बाईंचा घेतलास, त्यांचं काय?"

"त्यांनी माफ केलं. पण त्यांचं क्रेडिट त्यांना मिळायला हवं, मॅडम. तुम्ही मंडळाला लिहाल? प्लीज?"

मॅडम विरघळल्या. लॅपटॉप ओढून त्यांनी मंडळाचा ईमेल पत्ता टाकला, कौतुकाच्या दोन ओळीही लिहिल्या. "लेख आहे तरी कसा? मला तुमची लिपी वाचता येते, पण मराठी समजत नाही. बेटा, अंग्रेजी में सुनाओ."

नुपूर ओळीवर बोट ठेवून इंग्रजीत सांगू लागली. पहिल्या परिच्छेदाला मॅडम हसल्या. दुसऱ्याला त्यांनी मान वर केली. तिसऱ्याला डोळे मिटले. शेवटच्या ओळीला नुपूर अडखळली.

"जो बोलत नाही, त्याचं..."

"...ऐकून घेण्याची जबाबदारी मोठी असते," मॅडमनी इंग्रजीतच वाक्य पुरं केलं. "बी.ए.ला आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात हा धडा होता. पाठ होता आम्हाला."

त्यांनी पत्ता तसाच ठेवला, कौतुकाच्या दोन्ही ओळी पुसल्या आणि नव्याने लिहायला घेतलं.

नुपूरला हे सगळं एका जादा निबंधात पडलं. बाकीचं काकूंनी भरायचं होतं, शुक्रवारी, सगळ्यांसमोर.