पाहुणीचा मुक्काम

“आजही कोणी फिरकलं नाही,” पाहुणी फोनवर आईला सांगत होती. “चटया अंथरल्यात, खेळणी धुऊन ठेवलीत, आणि मी भिंतीकडे बघत बसलेय.”

तिला नाव होतं, पण मिशनच्या कामासाठी परदेशातून आलेली म्हणून मुलांनी पहिल्याच दिवशी तिची पाहुणी करून टाकली आणि मोठ्यांनीही तेच उचललं. ती फिजिओथेरपिस्ट होती. चर्चच्या मागच्या खोलीत, चालता न येणाऱ्या मुलांकडून व्यायाम करून घ्यायचा, एवढं काम. वर्षभरासाठी, बिनपगारी, हौसेने आली होती. पण आया दारातून डोकावायच्या आणि मूल कडेवर घेऊन तशाच माघारी फिरायच्या.

“आणि ती म्हातारी?” आईने विचारलं.

“ही काय, समोरच शेंगा सोलतेय. खडूस आहे गं. हसायचं म्हणून नाव नाही.”

म्हातारीच्या, म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या मावशीच्या, तोंडावर ती हे बिनधास्त बोलायची. आपल्या घरची भाषा या गावात तिने अजून कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. परक्या मुलखात तेवढंच एक सुख.

किल्ल्या, झाडलोट, चहा, आणि कोणाची सून कोणाशी बोलत नाही याची खबर, सगळं मावशीच्या पदरी. चर्चचे पाळकसाहेब आले त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती.

शेंगांची टोपली बाजूला सारून मावशी उठली. “चल,” गावच्या बोलीत ती म्हणाली. पाहुणीशी ती नेहमी सावकाश, सुटे सुटे शब्द बोलायची.

“कुठे?”

“लोकांकडे. ओळख ना पाळख, तुझ्या हातात पोर कोण देईल?”

पहिल्याच घरी पाहुणीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. म्हणायचं होतं ‘मी नवीन आहे’. निघालं, ‘मी शिळी आहे’. बाया पोट धरधरून हसल्या. मावशीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

“पुन्हा म्हण.”

“तुम्हीच सांगा ना त्यांना, मावशी.”

“का? तुला तोंड नाही?”

मग रोज तेच सुरू झालं. पाहुणीने कोणाचं धान्य निवडलं, कोणाचे कपडे वाळत घातले. एका घरी माणूस गेलं होतं, तिथे दुपारभर बायकांमध्ये नुसती बसून राहिली. रविवारच्या उपासनेला पुढचा बाक सोडून मागे लेकुरवाळ्यांत बसायला लागली. बोली हळूहळू जिभेवर रुळली. एकदा फोनवर ती आईकडे कुरकुरली की गादी पाठीला टोचते. दुसऱ्या दिवशी पलंगावर जाड गादी.

“म्हातारीला माणसं वाचता येतात बघ,” तिने आईला सांगितलं.

आणि एका सकाळी शिंपीणबाई आपल्या चार वर्षांच्या पोरीला घेऊन आली. पोर कधी उभीच राहिली नव्हती. पाहुणीने तिच्यापुढे गाणी म्हटली, रांगली, बाहुलीकडून व्यायाम करून घेतला. होता होता पोर व्यायामाची दांडी धरून उभी राहिली! ही बातमी घरोघर गेली आणि खोलीत पाय ठेवायला जागा उरेना.

त्यानंतर ते झालं. पाहुणी चेंडू उचलायला वळली आणि दांडीवरचा हात निसटून शिंपिणीची पोर पडली. कपाळ फुटलं, टाके घालावे लागले. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी. तिसऱ्या दिवशीही रिकामीच.

पाहुणीने बॅग भरली. पाळकसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. “निर्णय तुमचा. मी प्रार्थना करीन,” एवढंच म्हणाले.

मावशी मात्र दारात आडवी उभी. “जायचं तर जा. पण आधी त्या घरी जा. तोंड लपवून जायचं नाही.”

शिंपिणीचं शिलाई मशीन मावशीबरोबर आलेल्या पाहुणीला बघताच थांबलं. कपाळाला पट्टी बांधलेली पोर खाली बसली होती. पाहुणी दारातूनच बोलली. चूक माझी, माझं लक्ष हटलं, मला माफ करा. सगळं गावच्याच बोलीत, कुठेही न चुकता.

“दोन दिवस तुमची वाट बघतेय मी,” शिंपीणबाई फणकारली. “पोर पडली तर बघायला यायची रीत नाही का तुमच्याकडे?”

“मला वाटलं, तुम्ही मला दारात उभं करणार नाही. बाकीच्या आयाही येईनात.”

“त्या माझ्यासाठी थांबल्यात. मी आले की सगळ्या येतील.”

तेवढ्यात पोर मशीनच्या पायाला धरून उठली. तिने हात सोडला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि पाहुणीच्या गुडघ्यांना मिठी मारली.

शिंपिणीने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “उद्या किती वाजता आणू?”

बाहेर गल्लीत येताच पाहुणीने आईला फोन लावला.

“आई, तिकीट काढू नकोस. मी राहतेय.”

पलीकडे आईला हुंदका फुटला. आजारी पडलीस तर तिथे तुझं कोण आहे, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

“अगं, रडू नकोस ना,” पाहुणी म्हणाली.

बरोबर चालणारी मावशी थांबली. तिने हात पुढे केला. पाहुणीने गोंधळून फोन तिच्या हातात दिला. मावशीने तो कानाला लावला आणि पाहुणीच्या घरच्या भाषेत, एकदाही न अडखळता, म्हणाली,

“रडू नका, ताई. मी इकडे यायला निघाले, तेव्हा माझीही आई अशीच रडली होती.”