मागच्या गाडीला वाट

रुग्णवाहिका ऊसतोडणीच्या यंत्रामागे अडकली होती आणि आत हिंदुरावांचे थोरले भाऊ, आबा, छाती धरून कण्हत होते. यंत्राच्या खुर्चीत चालक नव्हताच. मागे गाडी आली की आपणहून कडेला व्हायचं, असा यंत्रांना नियम होता. पण हे काही रस्ता सोडेना.

"भाऊजी, कुणाचं ओ ते यंत्र? काळीज हाय का न्हाई त्याला?" आबांचं डोकं मांडीवर घेतलेल्या वहिनींनी मागून विचारलं.

ड्रायव्हरशेजारी बसलेल्या हिंदुरावांनी ते केव्हाच ओळखलं होतं. यंत्रामागे फडफडणारं तांबडं फडकं त्यांच्याच जुन्या फेट्याचं होतं. यंत्र घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं बजावलं होतं, "पहिला हंगाम तुम्ही चालवा. तुमचं बघून ते शिकेल, बोलायलासुद्धा." त्या हंगामात हिंदुरावांनी कुणालाच वाट दिली नव्हती आणि पारावर बसून त्याची फुशारकीही मारली होती.

फोनवरून हुकूम दिला असता तर यंत्र कडेला गेलं असतं. पण मग ते कुणाचं, हे वहिनींना कळलं असतं. हिंदुरावांचा हात खिशाशी जाऊन थबकला.

ड्रायव्हरनं वैतागून हॉर्न दाबून धरला. तसा यंत्राचा भोंगा खरखरला आणि हिंदुरावांचाच आवाज रस्ताभर घुमला, "दमा की जरा! मरायला निघालाय काय?"

हिंदुरावांनी चमकून मागे पाहिलं. वहिनींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आबांचे दोन्ही कान हातांनी घट्ट झाकून धरले होते.