पहिले तीन आठवडे

सुगंधाबाईच्या डाव्या मुठीत गोळी होती आणि समोर वाटीत गरम भरीत.

सकाळीच देवपूरच्या डॉक्टरांनी तिच्या लेकाला, प्रेमराजला, सुई टोचली होती. "यात बारीक मणी आहेत, अक्का. अंगात हळूहळू विरतात, औषध थोडं थोडं सोडतात. दर पंधरा दिवसांनी एक सुई." शेतात ठिबक असलेल्या बाईला एवढं कळायला वेळ लागला नाही. प्रेमराज बाहेर गेल्यावर मात्र त्यांनी तिला थांबवलं. "मणी विरायला लागेपर्यंत तीन आठवडे जातील. तोवर गोळी चुकवू नका. चुकली तर त्याच्या कानातले ते आवाज पुन्हा सुरू होतील."

आणि प्रेमराज सुईला तयार झाला होता तो एकाच अटीवर. जेवणात काही घालायचं नाही.

दोन वर्षं तिने चोरून गोळी घातली होती. कधी वरणात, कधी बट्टी फोडून आत. एकदा गोळी दाताखाली आली. तेव्हापासून हा बत्तीस वर्षांचा बाप्या आईच्या भाकरीचा तुकडान् तुकडा उजेडात धरून बघायचा. त्याचा आजार तिने सोसला, ते बघणं तिला सोसवत नव्हतं.

"माय, वाढ ना. भूक लागनी," बाहेरच्या ओट्यावरून हाक आली. कितीतरी दिवसांनी त्याने मागून घेतलं होतं.

वांग्याच्या बियांत गोळी दिसलीही नसती. अंगठ्याने तिने ती भरितात दाबलीसुद्धा. मग बाहेर काढली, पदराला पुसली, आणि ताटात मिठाशेजारी उघडी ठेवली.

आत येऊन ताट बघताच प्रेमराजचा चेहरा उतरला. "तू तं शब्द दिन्हा व्हता, माय."

"तीन हप्ता फक्त. सुई उशिरा लागू पडस, डॉक्टर म्हने." तिने वाटीकडे बोट दाखवलं. "मी भरीतमा दपाडेल व्हती. मंग काढी लिधी."

तो ताटासमोर बसला. त्याने गोळी उचलली, पाण्याबरोबर गिळली आणि दवाखान्यात नर्स करायला लावायची तसं तोंड उघडून जीभ दाखवली.

"ऱ्हाऊ दे रे," ती म्हणाली.

त्याने भाकरी मोडली. तुकडा धरलेला हात सवयीने दाराच्या उजेडाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि भरिताकडे वळला.