कोळीवाड्याचा उपास

ही १९५२ सालची, कोलशेतची गोष्ट. खोटी वाटली तर द्या सोडून.

विधवा कात्रीनची दोन पोरं जगायची ती शेजारच्या भागीरथी कोळणीने रोज दिलेल्या मासळीवर. कात्रीनच्या कपाळावर राखेचा क्रूस दिसला, उपासकाळ लागला, आणि भागीरथीने मासळी देणं थांबवलं. ख्रिस्ती उपासाला मटण वर्ज्य असतं, मासळी चालते, हे तिला कुठून ठाऊक? आणि कात्रीनला तोंड उघडून मागायची लाज.

उपास सुटायचा तो इस्टरच्या सणाला, आणि इस्टर महिनाभर लांब होता. धाकटा भुकेने उठेनासा झाला, तेव्हा मात्र ती भागीरथीच्या दारात गेली.

"एक सांगायचं होतं गं."

"आधी माझं ऐक, बाय. वासाने तुझ्या पोरांचा उपास मोडायला नको, म्हणून आख्ख्या कोळीवाड्याला मी शपथ घातलीय. इस्टरपर्यंत कुणाच्या चुलीवर मासळी चढायची नाय. मांजरंसुद्धा कंटाळून खाडीपलीकडे गेली. हां, तू काय सांगत होतीस?"

कात्रीनने छातीवर क्रूस काढला.

 

"हेच, की यंदाचा इस्टर आजच आहे."