लाभार्थी

विस्तार अधिकारी गुंजाळ वर्गात आले, मोकळ्या बाकावर बसले आणि बाकाच्या काचेच्या पडद्यावर त्यांनी फॉर्म उघडला.

"ठोसरबाई, या वर्गात दिव्यांग कोण कोण? लाभार्थ्यांचा रकाना रिकामा राहिला तर ही बाकं परत न्यावी लागतील."

बाईंनी वर्गावर नजर फिरवली. तीन वर्षं ही बाकं एकच धडा विशाखाच्या बोटांखाली उमटवत होती, कुणाच्या कानात बोलत होती, कुणाला खुणांच्या भाषेत सांगत होती. कुणाला काय जमत नाही, हे बाईच काय, मुलंही विसरून गेली होती.

"सगळीच शिकतात, साहेब. बोट कुणाकडे दाखवू?"

"सगळीच शिकतात, मग गरज कुणाला आहे?"

बाईंची कानशिलं तापली. म्हणजे विशाखाचं बाक वाचवायचं, तर तिला चारचौघांत उभं करून आंधळी म्हणायचं. त्या तरातरा साहेबांजवळ गेल्या. साहेबांचे बारीक झालेले डोळे ओळखून बाकाने फॉर्मची अक्षरं केव्हाच बोटभर मोठी केली होती. साहेबांना पत्ताच नव्हता.

"घ्या लिहून," बाई म्हणाल्या. "लाभार्थी क्रमांक एक, गुंजाळसाहेब. अक्षरं नीट दिसतायत ना?"