सुतळी बांधलेलं मीठ

दारात किराण्याची पिशवी टेकल्याचा आवाज आला, पण नेहमीची हाळी काही आली नाही. आंधळ्या निंगव्वाचं डोकं आधीच तापलेलं होतं.

"आलास व्हय, मल्लिनाथ? महिना झाला की रं वाट बघून! शेजारणीनं सामान आणून दिलं, आन् साखर म्हणून मी चहात मीठ घातलं."

नेहमीसारखी एकेक वस्तू तिच्या हातात येऊ लागली. आधी तूरडाळ, मग चहा, मग साखर. शेवटी मिठाचा पुडा आला, तिला ओळखू यावा म्हणून वरून सुतळी बांधलेला. दुकानातल्या मल्लिनाथशिवाय असं कुणी बांधून देत नसे. निंगव्वा जरा निवळली.

"समदं बरोबर दिलंस की. मग बोलायला काय झालं? म्हातारीवर रुसलास?"

"आज्जी, मी त्यांची बायको, श्रीदेवी," दबका आवाज आला. "आता सामान मीच पोचवती. तुमच्या मिठाला सुतळी बांधायची, हे त्यांनी दवाखान्यात असताना सांगितलं."

"अगं बाई, आजारी हाय व्हय त्यो? लवकर बरा हो म्हणावं त्याला. हितं ये, तुला तरी बघू दे."

निंगव्वानं तिचा हात हातात घेतला. म्हातारीची बोटं मनगटावरून चाचपत कोपरापर्यंत गेली आणि तशीच परत आली. एकही बांगडी हाताला लागली नाही.