किल्ल्याचा दरवाजा

पिंपळीचे आप्पा आणि इंदापूरचे हिंदुराव, दोघांच्या घरी यादवकाळातल्या एकाच लढाईचा खेळ मांडलेला. बोटभर घोडेस्वार, पायदळ, पुठ्ठ्याचे किल्ले. पाळीचा नियम मात्र कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून उचललेला: आपली चाल झाली की दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगायचं, "आता पाळी तुमची."

"आप्पा, फोन करा की," कामावर निघता निघता सून योगिनी म्हणायची.

"पाळी फोनवर न्हाय सांगत," आप्पा रिकाम्या होत चाललेल्या घराकडं बघत म्हणायचे.

परवा हिंदुराव काठी टेकत येऊन चाल सांगून गेले. त्यांच्या माघारी आप्पांना दिसलं, हिंदुरावांनी आपल्या किल्ल्याचा दरवाजा उघडाच ठेवलाय! एका चालीत लढाई खलास. पण मग पुन्हा इंदापूरला जायचं कशाला?

आप्पांनी घोडा मागं घेतला आणि सकाळच्या एसटीनं इंदापूर गाठलं.

"घोडा मागं घेतला, हिंदुराव. आता पाळी तुमची."

हिंदुरावांनी गुडघा दाबत किल्ल्याकडं बघितलं.



"दरवाजा म्या मुद्दाम उघडा ठिवला व्हता, आप्पा. पाळी सांगाय यायला आता यष्टीची पायरी चढवत न्हाय."